खिसा रिकामा, नाव पर्स

चॅटबॉट वापरणाऱ्या, त्यातही कोडिंग करणाऱ्या मंडळींना हल्ली एक शब्द पाठ झालाय, टोकन. कंपन्या बिल लावतात ते टोकनवर. मॉडेल एका वेळी किती मजकूर डोक्यात ठेवू शकतं, हेही टोकनमध्येच सांगतात. कँटीनच्या काउंटरवर पैसे भरल्यावर मिळतं ते टोकन आपल्याला माहीत असतं. पण भाषेच्या हिशेबात हा शब्द घुसला कसा?

त्यासाठी १९०६ सालात जावं लागतं. त्या वर्षी 'द मोनिस्ट' नावाच्या अमेरिकी नियतकालिकात एक लांबलचक, किचकट लेख छापून आला. लेखात एक साधा प्रश्न होता. इंग्रजी पुस्तकाच्या एका पानावर 'द' हा शब्द वीसेक वेळा येतो. मग पानावर 'द' किती? एक की वीस? लेखकाचं म्हणणं, दोन्ही उत्तरं बरोबर, फक्त तुम्ही काय मोजताय ते आधी ठरवा. भाषेत 'द' हा शब्द एकच आहे, तो 'टाइप'. कागदावर शाईने उमटलेला प्रत्येक 'द' वेगळा आहे, तो 'टोकन'. भाषेचा हिशेब ठेवणाऱ्या पुढच्या सगळ्या विद्यांनी ही जोडी उचलली. आजच्या चॅटबॉटच्या टोकनमध्ये बऱ्याचदा अख्खा शब्द नसतो, शब्दाचा तुकडा असतो; पण खानदान तेच.

लेखक तेव्हा ६७ वर्षांचा होता. कुठल्याही विद्यापीठात नोकरीला नव्हता. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मिलफर्ड गावाजवळ एका मोठ्या, पडझड झालेल्या घरात राहत होता आणि हिवाळ्यात घर गरम ठेवायला त्याच्याकडे पैसे नव्हते. नाव चार्ल्स सँडर्स पर्स. स्पेलिंग बघून कुणीही 'पीअर्स' म्हणेल, पण त्याच्या घराण्यात उच्चार व्हायचा तो 'पर्स' असाच. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं या पर्समध्ये फारसं काही नव्हतं, हा विनोद करायचा मोह आवरत नाही. करून टाकला, आता पुढे जाऊ.

पर्सचा जन्म १० सप्टेंबर १८३९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वडील बेंजामिन पर्स हार्वर्डमध्ये गणित आणि खगोलशास्त्राचे प्राध्यापक, त्या काळातले अमेरिकेतले सगळ्यांत नावाजलेले गणिती. पोरगा हुशार आहे हे बापाने लवकर ओळखलं आणि स्वतः शिकवायला घेतलं. बाराव्या वर्षी चार्ल्सला थोरल्या भावाच्या खोलीत तर्कशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक सापडलं, रिचर्ड व्हेटली या इंग्रज लेखकाचं. कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलेलं. त्याने ते थोड्याच दिवसांत संपवलं आणि त्यानंतर जगातली कुठलीही गोष्ट तर्कशास्त्राशिवाय बघणं त्याला जमलंच नाही. हे त्याने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलंय, म्हणजे थोडी फोडणी असेलही.

पण वडिलांच्या शिकवणीने एक गोष्ट शिकवली नाही, ती म्हणजे माणसांशी जमवून घेणं. शिवाय लहान वयातच चेहऱ्याच्या मज्जातंतूंचं दुखणं मागे लागलं. कळ उठली की दिवसेंदिवस तो कुणाशी बोलेनासा व्हायचा, नाहीतर एकदम भडकायचा. वेदना थांबवायला ईथर, अफू, मॉर्फिन, पुढे कोकेन, असं काय काय घेतलं. त्याचा तिरसटपणा किती स्वभावाचा आणि किती या दुखण्याचा, यावर चरित्रकार अजून वाद घालतात.

१८५९ मध्ये हार्वर्डची पदवी, १८६३ मध्ये रसायनशास्त्राची. तोवर तो अमेरिकेच्या 'कोस्ट सर्व्हे' या सरकारी खात्यात लागला होता. किनाऱ्याची आणि जमिनीची अचूक मोजणी करणारं हे खातं. या नोकरीमुळे त्याला यादवी युद्धात लढायला जावं लागलं नाही, आणि पुढची तीस वर्षं त्याची चूल याच खात्याने पेटती ठेवली. त्याचं काम होतं पेंड्युलम हलवायचं. ठिकठिकाणी लंबक टांगून, त्याचे झोके मोजून, तिथलं गुरुत्वाकर्षण किती आणि त्यावरून पृथ्वीचा आकार नेमका कसा, हे काढायचं. १८७५ मध्ये पॅरिसला भरलेल्या भूमापनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीला तो अमेरिकेतर्फे गेला. मीटरची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीत मोजता येईल का, यावरही त्याने प्रयोग केले. ताऱ्यांच्या तेजावरचं त्याचं पुस्तक १८७८ मध्ये आलं. सबंध आयुष्यात एकट्याच्या नावावर छापलेलं हे एकमेव पुस्तक, आणि तेही तर्कशास्त्राचं नाही!

तत्त्वज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरामखुर्ची येते. पर्स मात्र पोटासाठी उपकरणं लावत होता, आकडे टिपत होता, त्यातल्या चुका शोधत होता. लंबकाचा झोका म्हणजे गुरुत्वाकर्षण नव्हे, ती गुरुत्वाकर्षणाची खूण. दुर्बिणीतला ठिपका म्हणजे तारा नव्हे, ताऱ्याची खूण. खुणेवरून वस्तूकडे कसं जायचं, हा प्रश्न या माणसाला ऑफिसातही सुटत नव्हता आणि घरीही. १८६७ मध्ये, वयाच्या सत्तावीसाव्या वर्षी, त्याने एक छोटा निबंध सादर केला. चिन्हांच्या शास्त्राचा, म्हणजे चिन्हमीमांसेचा त्याचा पाया तिथे पडला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो त्याच पायावर बांधत, मोडत, परत बांधत राहिला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चिन्ह म्हटलं की आपण दोन गोष्टींची जोडी धरतो, शब्द आणि त्याचा अर्थ. पर्स म्हणतो, दोनाने भागत नाही, तीन लागतात. एक चिन्ह. दुसरी, ते ज्याच्याबद्दल आहे ती वस्तू. तिसरा, त्या चिन्हामुळे होणारा अर्थबोध. हा अर्थबोध म्हणजे समोरचा माणूस नव्हे. त्याच्या मनात जे उमटतं, किंवा तो जे करायला तयार होतो, ते. आणि ते उमटलेलं पुन्हा एक चिन्ह असतं, त्याचा पुन्हा अर्थबोध, अशी साखळी चालू राहते.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. आजोबा छत्री उचलून दारातून म्हणतात, 'येतो'. घरातलं कुणीही ते कुठून येतायत म्हणून बघत बसत नाही. सगळ्यांना कळतं की ते निघाले. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, ही आपली रीत. शब्दकोशातला अर्थ एकीकडे, अर्थबोध दुसरीकडे. फक्त शब्द आणि अर्थ अशी जोडी पाठ केलेलं सॉफ्टवेअर इथे आजोबांची वाट बघत बसेल.

चिन्ह वस्तूला कसं जोडलेलं असतं, यावरून पर्सने तीन प्रकार केले. साम्यामुळे जोडलेलं असेल तर प्रतिमा, जसं चित्र किंवा नकाशा. प्रत्यक्ष संबंधामुळे जोडलेलं असेल तर निर्देशक, जसा आगीचा धूर किंवा वाऱ्याने वळणारं छपरावरचं वातकुक्कुट. आणि निव्वळ रिवाजामुळे जोडलेलं असेल तर संकेत. भाषेतले बहुतेक शब्द या खात्यात जातात. बहुतेक म्हणायचं कारण, 'हा', 'ती', 'इथे', 'उद्या' असे शब्द निम्मे निर्देशकच असतात. ते कुणी, कुठे, कधी उच्चारले हे कळल्याशिवाय त्यांना अर्थच येत नाही. दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते ना? पाटी तीच, अक्षरं तीच. पण त्यातला 'उद्या' रोज एक दिवस पुढे सरकतो आणि उधार काही मिळत नाही. आपण हसतो, कारण आपल्याला आजची तारीख माहीत असते. ज्या यंत्राला फक्त पाटी दिसते आणि कॅलेंडर दिसत नाही, त्याला या पाटीतला डाव कळायचा कसा? भाषा समजणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची कित्येक वर्षांची डोकेदुखी या एका 'उद्या'त आहे.

मग खुणेवरून वस्तूकडे उडी मारायची कशी? याबद्दल पर्सचाच एक किस्सा आहे, आणि तो त्याने स्वतः सांगितलेला असल्यामुळे चिमूटभर मीठ घालून घ्यावा. १८७९ च्या जूनमध्ये तो 'ब्रिस्टल' नावाच्या आगबोटीने बॉस्टनहून न्यू यॉर्कला आला. डोकं जड झालं होतं, तसाच उतरला, आणि मग लक्षात आलं की घड्याळ, साखळी आणि ओव्हरकोट केबिनमध्येच राहिलं. घड्याळ साधंसुधं नव्हतं, मोजणीच्या कामासाठी सरकारने दिलेलं किमती घड्याळ होतं. धावत परत गेला तर सगळं गायब. त्याने बोटीवरचे सगळे वेटर, सगळे कृष्णवर्णीय, एका रांगेत उभे करायला लावले. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाशी दोन शब्द बोलला. काहीच कळलं नाही. बाजूला गेला, स्वतःला बजावलं की कारण असो नसो, अंदाज बांधायचाच, आणि वळून एकावर बोट ठेवलं. त्या माणसाने साफ नाकारलं. पर्सने पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीला गाठलं. त्यांनी आपलं डोकं चालवून भलत्याच वेटरचा पाठलाग केला, हाती काही लागलं नाही. मग गहाण दुकानांना पत्रकं पाठवली. घड्याळ सापडलं, आणि दुकानदाराने गहाण ठेवणाऱ्याचं जे वर्णन केलं ते पर्सने निवडलेल्या माणसाशी जुळत होतं. त्याच्या खोलीवर जाऊन पर्सने साखळी आणि कोटही मिळवला.

आज वाचताना ही गोष्ट टोचते. गोऱ्या प्रवाशाचा शब्द आणि रांगेत उभे केलेले काळे कामगार. अंदाज चुकला असता तर काय, हा प्रश्न पर्सला पडलेला दिसत नाही. तरी त्याला यातून दाखवायचं होतं ते महत्त्वाचं आहे. तर्काचे दोन प्रकार तेव्हा शिकवले जायचे, आजही जातात: नियमावरून उदाहरणाकडे येणारं निगमन आणि उदाहरणांवरून नियमाकडे जाणारं विगमन. पर्सने तिसरा पुढे केला. समोर काहीतरी विचित्र दिसतंय. अमुक खरं असेल तर ते विचित्र राहणार नाही. तर धरून चालू की अमुक खरं असावं, आणि मग तपासू. याला त्याने नाव दिलं ॲबडक्शन. शब्दकोशात बघाल तर या शब्दाचा अर्थ अपहरण मिळेल, तेव्हा परीक्षेत जपून लिहा. डॉक्टर निदान करतात ते असंच, मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकून मान हलवतो तेही असंच.

आणि आपण वाक्य समजून घेतो तेही असंच, असं म्हणणारे लोक बऱ्याच वर्षांनी निघाले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेतल्या जेरी हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा हा की, ऐकलेलं वाक्य खरं ठरायला काय काय गृहीत धरावं लागेल, याचं सगळ्यांत स्वस्त पडणारं स्पष्टीकरण शोधणं म्हणजे ते वाक्य समजणं. मित्राने नुसतं 'पाऊस आहे' म्हटलं, की तुम्ही क्रिकेट रद्द झालं असं धरता. त्याने तसं म्हटलेलं नसतं. मधली पायरी तुम्ही अंदाजाने भरता. ही पायरी भरणारं सॉफ्टवेअर त्यांना बनवायचं होतं, आणि पद्धतीचं नाव पर्सचंच होतं.

घड्याळाच्या चोरीच्या वर्षीच, १८७९ मध्ये, पर्सला बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायची अर्धवेळ नोकरी मिळाली. ही पाच वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. वर्गात क्रिस्टीन लॅड होती, ॲलन मार्क्वांड होता, काही काळ जॉन ड्यूई होता. हाच ड्यूई, ज्याच्याकडे पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकले. १८८३ मध्ये पर्सने आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांचं पुस्तक संपादित करून छापलं. लॅडला स्त्री म्हणून विद्यापीठाने तेव्हा डॉक्टरेट नाकारली होती, पण पर्सच्या पुस्तकात तिचा निबंध मानाने छापलेला आहे.

मग सगळं एका फटक्यात गेलं. पहिली बायको झिना १८७६ पर्यंत त्याला सोडून गेली होती. रीतसर घटस्फोट व्हायच्या आधीपासून तो ज्युलिएट नावाच्या एका फ्रेंच बोलणाऱ्या बाईबरोबर राहत होता. ती नेमकी कोण, कुठली, हे आजतागायत कुणाला नीट कळलेलं नाही. एप्रिल १८८३ मध्ये घटस्फोट झाला आणि सहा दिवसांनी त्याने तिच्याशी लग्न केलं. सायमन न्यूकम हा नामांकित खगोलशास्त्रज्ञ, जो पर्सच्याच वडिलांच्या हाताखाली शिकला होता, त्याने लग्नाआधीच्या या सहवासाची गोष्ट विद्यापीठाच्या एका विश्वस्ताच्या कानावर घातली. १८८४ मध्ये नोकरी गेली. त्यानंतर मरेपर्यंत पर्सला कुठल्याही विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही.

नोकरी गेली तरी विद्यार्थी पत्र लिहीत होता. मार्क्वांडला तर्काची गणितं सोडवणारी यंत्रं बनवायचा नाद होता, लाकडाची आणि तारांची. १८८६ च्या डिसेंबरअखेर पर्सने त्याला सुचवलं की यासाठी वीज वापरून बघ. सोबत दोन आकृत्या काढून दिल्या. एकीत बटणं एकामागोमाग एक. सगळी दाबली तरच प्रवाह वाहील. दुसरीत बटणं शेजारी-शेजारी. एखादं दाबलं तरी वाहील. आज पहिल्या सेमिस्टरला 'अँड गेट' आणि 'ऑर गेट' शिकवतात ते हेच. हीच कल्पना क्लॉड शॅननने १९३७ मध्ये एमआयटीच्या प्रबंधात स्वतंत्रपणे आणि पूर्ण ताकदीने मांडली, आणि संगणकाचं युग तिथून मोजतात. पर्सचं पत्र तोवर मार्क्वांडच्या कागदांत पडून होतं.

पुढच्याच वर्षी पर्सने तर्कयंत्रांवर एक लेखही छापला. यंत्राला किती विचार करता येईल आणि जिवंत मनासाठी काय उरेल, हे शोधणं कामाचं आहे, असं त्याला वाटत होतं. यंत्र स्वतःहून नवा प्रश्न शोधत नाही आणि ज्यासाठी बनवलं त्यापलीकडे जात नाही, अशा दोन मर्यादा त्याने सांगितल्या. लक्षात घ्या, तेव्हा घरोघरी बल्बसुद्धा नव्हता.

१८८८ मध्ये वारशाचा थोडा पैसा हाती आला तसं पर्स दांपत्याने मिलफर्डजवळ शेतजमीन आणि घर घेतलं, नाव ठेवलं 'अरिस्बी'. घर वाढवत नेलं, कर्जही वाढत गेलं. १८९१ च्या अखेरीस कोस्ट सर्व्हेची नोकरीही गेली. अहवाल वर्षानुवर्षं लांबवायची त्याची खोड होती, वरिष्ठांनी राजीनामा मागितला. मग जे मिळेल ते काम. 'सेंच्युरी डिक्शनरी' या प्रचंड इंग्रजी शब्दकोशासाठी त्याने गणित, तर्क, खगोल, वजनं-मापं अशा विषयांतल्या हजारो शब्दांच्या व्याख्या लिहिल्या. 'द नेशन' साप्ताहिकात पुस्तकपरीक्षणं लिहिली. १८९० च्या दशकात काही काळ तर सावकार आणि पोलिस चुकवत न्यू यॉर्कमध्ये लपून काढला. १९०२ मध्ये कार्नेगी संस्थेकडे तर्कशास्त्राचा समग्र ग्रंथ लिहिण्यासाठी मदत मागितली. अर्ज नामंजूर झाला. गावातला बेकरीवाला शिळा पाव द्यायचा, त्यावर दिवस निघायचे. नवा कागद परवडत नव्हता म्हणून जुन्या हस्तलिखितांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचा.

एक मित्र मात्र टिकला, विल्यम जेम्स. पर्सच्या १८७८ मधल्या निबंधातून निघालेला 'प्रॅग्मॅटिझम' जेम्सने जगभर पोचवला आणि श्रेय जाहीरपणे पर्सला दिलं. पर्सला जेम्सची मांडणी पटेना. त्याने १९०५ मध्ये आपल्या विचाराचं नाव बदलून 'प्रॅग्मॅटिसिझम' केलं. इतकं बेढब नाव पळवून न्यायला कुणी येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. (कुणी आलंही नाही.) जेम्सने हे मनावर घेतलं नाही. हार्वर्डला त्याची व्याख्यानं लावून दिली आणि बॉस्टनच्या मित्रांकडून दरवर्षी वर्गणी काढून पैसे पाठवण्याची व्यवस्था केली.

याच गरिबीत त्याने ते काम केलं जे तो स्वतःचं सर्वोत्तम समजायचा. १८९६-९७ पासून तो वाक्यांची चित्रं काढू लागला, 'एग्झिस्टेन्शियल ग्राफ्स'. नियम फार थोडे. कोरा कागद म्हणजे आपण ज्या जगाबद्दल बोलतोय ते जग. कागदावर रेघ ओढली की अर्थ झाला, काहीतरी आहे. रेघेच्या टोकाला 'शेतकरी' लिहिलं की कुणीतरी शेतकरी आहे. कशाभोवती अंडाकृती काढली की ते खोटं. आणि अंडाकृतीच्या आत अंडाकृती म्हणजे 'जर-तर'. आता हे वाक्य घ्या: शेतकऱ्याकडे गाढव असेल तर तो त्याला मारतो. यातला 'तो' कोण आणि 'त्याला' म्हणजे कुणाला, हे आपल्याला झटकन कळतं. पण तर्काच्या नेहमीच्या चिन्हांत हे वाक्य सरळ बसवायला गेलं की सर्वनामं हातातून निसटतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषेच्या तर्कशास्त्रात हे गाढव बदनाम झालं होतं. १९८१ मध्ये हान्स काम्प यांनी चौकटींची एक पद्धत काढून ते सोडवलं. पर्सच्या चित्रात मात्र शेतकऱ्याची रेघ बाहेरच्या अंडाकृतीतून सरळ आतल्या अंडाकृतीत जाते, गाढवाचीही जाते, संपला विषय. काम्प यांच्या चौकटी आणि पर्सच्या अंडाकृती यांची घडण एकच आहे, हे पुढे जॉन सोवा यांनी दाखवून दिलं.

सोवा आयबीएममध्ये होते. साध्या भाषेत विचारलेला प्रश्न डेटाबेसला समजावा म्हणून १९७६ मध्ये त्यांनी 'कन्सेप्च्युअल ग्राफ्स' मांडले. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात या ग्राफ्सना तर्काचा पाया मिळाला तो पर्सच्या चित्रांचा. वाक्य आलं की त्याचं चित्र करायचं, माहितीच्या साठ्यातल्या चित्रांशी ते जुळवायचं, उत्तर काढायचं. मर्यादित विषयात हे छान चालायचं. पण जगातली सगळी माहिती आधी कुणीतरी हाताने भरायला हवी, तिथे गाडी अडायची.

आजची मोठी मॉडेल्स दुसऱ्या वाटेने आली. ही वाट पर्सपेक्षा त्याचा समकालीन फर्डिनांड द सोस्यूर याच्या जवळची. जिनिव्हामध्ये संस्कृत आणि भाषाविज्ञान शिकवणाऱ्या सोस्यूरने चिन्हाचे दोनच भाग केले, ध्वनिरूप आणि कल्पना. आणि शब्दाची किंमत ठरते ती भाषेतल्या इतर शब्दांपासून असलेल्या त्याच्या वेगळेपणावरून, असं सांगितलं. अब्जावधी वाक्यांत कोणता शब्द कुणाच्या शेजारी बसतो, यावरून शब्दांची जागा ठरवणारं यंत्र हे वाचून मान डोलावेल. सोस्यूर १९१३ मध्ये वारला, पर्स १९१४ मध्ये. दोघांनी एकमेकांचं काही वाचल्याचा पुरावा नाही.

माझ्या मते पर्सची उणीव नेमकी इथे जाणवते. संकेतांच्या बाबतीत ही यंत्रं कमालीची तयार झालीत, अडतात ती निर्देशकांवर. म्हणून तर आता त्यांना घड्याळ, नकाशा, कॅमेरा, तिकिटांचा डेटाबेस जोडला जातोय. 'उद्याचं पुण्याचं तिकीट काढ' हे समजलं का, याची पर्सच्या हिशेबाने परीक्षा एकच: योग्य तारखेचं तिकीट निघालं का?

मग यंत्राला 'समजतं' असं तो म्हणाला असता का? पटकन 'नाही' म्हणू नका. १९०३ पासून तो व्हिक्टोरिया वेल्बी या इंग्लंडमधल्या विदुषीला पत्रं लिहीत होता. 'अर्थ म्हणजे काय' हाच तिचाही विषय. १९०८ च्या एका पत्रात त्याने चिन्हाची व्याख्या केली आणि त्यात, चिन्हाचा परिणाम एखाद्या व्यक्तीवर होतो, असं लिहिलं. लगेच पुढे कबुली दिली की 'व्यक्ती' हा शब्द नाइलाजाने घातलाय, कारण त्याची खरी, अधिक व्यापक कल्पना कुणाला पटवून देण्याची आशा त्याने सोडली आहे. म्हणजे अर्थबोधाला माणूस लागतोच, असं त्याला वाटत नव्हतं. ते पटवून द्यायला त्याच्याकडे ना वर्ग होता, ना विद्यार्थी. वेल्बी आजारी पडली आणि १९११ मध्ये ही पत्रंही थांबली.

१९ एप्रिल १९१४ रोजी पर्स कॅन्सरने गेला. ज्युलिएट त्या घरात आणखी वीस वर्षं राहिली. नवऱ्याचे सगळे कागद तिने हार्वर्डला दिले. साधारण एक लाख पानं, बरीचशी दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अनेकांवर तारीख नाही, एकाच निबंधाचे दहा-दहा खर्डे. त्यातले निवडक सहा खंड १९३१ ते १९३५ या काळात निघाले. शेवटचे दोन १९५८ मध्ये, आणि ते संपादित केले आर्थर बर्क्स यांनी, जे त्याआधी एनियॅक हा अमेरिकेचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधणाऱ्या चमूत होते. १९८२ पासून इंडियानापोलिसमध्ये निवडक लेखन कालक्रमाने लावून छापायचं काम सुरू झालं, तीस खंड करायचा बेत. सहावा खंड २००० मध्ये आला, मग २०१० मध्ये एकदम आठवा. सातवा खंड शब्दकोशातल्या त्या हजारो व्याख्यांसाठी राखून ठेवला होता, आणि त्या लावणं इतकं जिकिरीचं निघालं की आठव्याला पुढे काढावं लागलं.